पदकाआधी आणि पदकानंतर

गेल्या पावसाळ्यात शाळा समितीच्या बैठकीपुढे एक साधा ठराव आला. वसतिगृहामागील पत्र्याच्या शेडमध्ये मुष्टियुद्धाचा सराव सुरू करावा, अशी क्रीडाशिक्षकांची मागणी होती. खर्च मोठा नव्हता. दोन सरावाच्या पिशव्या, काही जोड मोजे, डोक्याला लावायची संरक्षक टोपडी आणि जमिनीवर अंथरायच्या जाड चटया, एवढेच. तरीही त्या ठरावावर दोन तास चर्चा झाली आणि अखेर तो पुढील बैठकीवर ढकलला गेला. स्मरणिकेसाठी लिहिण्याचा आग्रह झाला तेव्हा त्याच ठरावावर लिहावे असे आम्हांस वाटले. स्मरणिका केवळ झालेल्या गोष्टींच्या स्मरणासाठी नसते. जे करायचे राहून गेले त्याची नोंदही तिने ठेवली पाहिजे.

बैठकीत दोन आक्षेप उघडपणे मांडले गेले. पहिला धम्माचा. तथागतांच्या नावाने चालणाऱ्या शाळेत मुलांना ठोसे मारायला शिकवावे काय, असा प्रश्न एका ज्येष्ठ उपासकांनी विचारला. दुसरा आक्षेप पालकांचा. 'आमच्या बापजाद्यांनी अंगमेहनतीवरच आयुष्य काढले. मुलांच्या हातात पुस्तक यावे म्हणून त्यांना तुमच्याकडे आणून सोडले. पुन्हा त्यांच्या हातांवरच त्यांचे पोट अवलंबून ठेवणार काय?' हा प्रश्न एका मातेने विचारला आणि सभागृह काही क्षण शांत झाले. तिसरा आक्षेप कोणी बोलून दाखवला नाही. तो आमच्याच मनात होता. त्याविषयी शेवटी सांगू.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर तुलनेने सोपे आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो, तर तत्त्व त्याला विवेकाने वागण्याची मोकळीक देते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोहोंमध्येही त्यांनी अंतर दाखविले. मुष्टियुद्धात द्वेषाला जागा नाही. तेथे तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्या असतात, पंच असतो, कमरेखाली व मानेमागे प्रहार करण्यास बंदी असते, आणि घंटा वाजताच हात खाली घ्यावा लागतो. ज्या मुलाला घंटा ऐकून हात खाली घेता येतो, त्याने रागावर ताबा मिळविण्याचा पहिला धडा गिरविलेला असतो. मार बसून मेंदूला इजा होण्याचा धोका या खेळात आहे, हे आम्ही नाकारीत नाही. म्हणूनच तो जाणत्या प्रशिक्षकाच्या आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिकावा. वस्तीच्या बोळात एकमेकांच्या अंगावर धावून जाऊन तो शिकण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

दुसऱ्या आक्षेपाला असे चटकन उत्तर देता येत नाही. त्यासाठी एका मुष्टियोद्ध्याचे आयुष्य नीट पाहावे लागेल.

ते मुष्टियोद्धे म्हणजे मुरलीकांत पेटकर. 'चंदू चॅम्पियन' हा २०२४ सालचा चित्रपट मुलांनी पाहिला आहे, त्यामुळे त्यांचे नाव आता वसतिगृहात सर्वांना ठाऊक आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूर भागातील हा मुलगा लहान वयात सैन्यदलाच्या मुलांच्या पलटणीत दाखल झाला. पुढे ईएमई म्हणजे सैन्याच्या विद्युत व यांत्रिकी अभियंता दलात जवान असताना तो मुष्टियुद्धात चमकला, आणि १९६४ साली टोकियो येथील आंतरराष्ट्रीय सेनादल क्रीडास्पर्धेत त्याने पदक मिळविले. हौशी मुष्टियोद्ध्याच्या वाटेवर एवढे यश मिळाल्यावर पुढची स्वप्ने पडणे स्वाभाविक होते. परंतु दुसऱ्याच वर्षी, १९६५ च्या युद्धात, त्यांच्या शरीरात अनेक गोळ्या घुसल्या. पाठीच्या कण्याला इजा झाली, कमरेखालचे शरीर लुळे पडले आणि मुष्टियुद्धाचे दार कायमचे बंद झाले.

पुढची हकीकत मुले तोंडपाठ सांगतात. रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरलेला हा माणूस जलतरणपटू झाला. १९६८ साली तेल अवीव येथील दिव्यांगांच्या जागतिक स्पर्धेत तो टेबल टेनिस खेळला. १९७२ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर जलतरणात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्याने सुवर्णपदक जिंकले. भारताला वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून देणारा हा पहिला पॅरालिंपिकपटू. ऑलिंपिकमध्ये तसे सुवर्ण मिळण्यासाठी देशाला पुढे ३६ वर्षे वाट पाहावी लागली. २००८ साली अभिनव बिंद्रा यांनी ते मिळविले.

ही कथा 'जिद्दीची कथा' म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच, तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांस त्या कथेत आणखी काही दिसते. खेड्यातल्या पोराला अन्न, कपडा, मैदान आणि मोजे कोणी दिले? सैन्यदलाने. गोळ्या लागल्यानंतर त्याला जगविले कोणी? लष्करी रुग्णालयाने. त्याला पाण्यात उतरवणारे उपचारतज्ज्ञ तेथेच होते. परदेशी स्पर्धेला जाण्यासाठी पैशांची अडचण आली तेव्हा क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी दिव्यांगांसाठी उभारलेल्या कार्यातून मदत मिळाली. पुढे पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी मिळाली. या प्रत्येक टप्प्यावर एक संस्था उभी आहे. त्यांतील एक जरी नसती तरी तीच जिद्द, तेच मनगट एखाद्या खाटेवर पडून संपले असते आणि त्याचे नावही आपल्याला कळले नसते.

निव्वळ जिद्दीच्या कथांचा एक तोटा असा की त्या हरलेल्यांना दोषी ठरवितात. पेटकरांना जमले, तुला का नाही, असे मुलाला विचारणे सोपे असते. त्यांच्या पाठीशी जे होते ते आपण तुझ्या पाठीशी उभे केले का, हा प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःकडे वळून पाहावे लागते.

आमच्या समाजाला संस्थेचे मोल इतिहासाने शिकविले आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. ज्या काळात गावच्या शाळेत अस्पृश्यांच्या मुलांना पाऊल टाकता येत नव्हते, त्या काळात छावणीतल्या शाळेने त्यांच्या हाती अक्षर दिले. पुढे इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली आणि ते दार मिटले. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. मधल्या काळातील मुलांच्या अंगी जिद्द नव्हती असे कोण म्हणेल? जिद्द होती. दार नव्हते.

असाच एक दाखला खाशाबा जाधवांचा. १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे हे गोळेश्वरचे पहिलवान. प्रवासाचा खर्च कुठून करावा हा प्रश्न पडला तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून पैसे उभे केले. स्मरणिका वाचणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. देशाच्या त्या पहिल्या पदकामागे एका शिक्षकाचे गहाण पडलेले घर आहे. मात्र पदकानंतर काय झाले? खाशाबा पोलीस खात्यात नोकरी करीत राहिले, १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला.

पेटकरांच्या बाबतीतही तेच झाले. अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी केलेली मागणी मान्य झाली नाही. पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे सुवर्णपदकानंतर ४६ वर्षांनी. अर्जुन पुरस्कार जीवनगौरव म्हणून जानेवारी २०२५ मध्ये मिळाला. तोवर ते आयुष्याच्या उतारावर होते. ज्या तरुण हातांनी ते पदक जिंकले, त्या हातांना तो पुरस्कार कधी मिळालाच नाही. उशिरा झालेल्या गौरवाला आपण टाळ्या वाजवतो, आणि त्या टाळ्यांच्या आवाजात एवढा उशीर का झाला हे विचारायचे राहून जाते.

येथे येरवड्याचा उल्लेख आम्हांस टाळता येत नाही. आमच्या शाळेपासून जवळच असलेल्या तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले. जातीय निवाड्यातील ७१ जागांऐवजी प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. हे मुलांना आम्ही दरवर्षी शिकवितो. त्या करारावर सह्या करणाऱ्यांत एक खेळाडूही होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ते म्हणजे पळवणकर बाळू, आपल्या काळातले देशातील अव्वल डावखुरे गोलंदाज. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या खेळपट्टीची देखभाल करता करता ते चेंडू टाकायला लागले. हिंदू संघाने त्यांच्या बळावर सामने जिंकले, पण खेळाच्या मध्यंतरात त्यांना चहा मिळे तो मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. पुढे १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले व पराभूत झाले. राजकीय मतभेद बाजूला ठेवून त्यांच्या आयुष्याकडे पाहिले तर एक धडा मिळतो. खेळ एका माणसाला अपवाद म्हणून उंच उचलतो. बाकीच्यांसाठी भिंत तशीच उभी राहते. ती भिंत पाडायला हक्क लागतो.

हक्क म्हणजे काय, हे समजावून सांगायला मुष्टियुद्धाइतके सोपे उदाहरण आम्हांस दुसरे सापडत नाही. लढतीआधी प्रत्येक खेळाडूचे वजन होते. अठ्ठेचाळीस किलोच्या मुलासमोर पंच्याहत्तर किलोचा मुलगा उभा केला जात नाही. ते दोघे वेगवेगळ्या वजनगटांत लढले म्हणून गुणवत्तेचा ऱ्हास झाला, असे कोणी म्हणत नाही. हलक्या वजनगटातील सुवर्णपदक कमअस्सल सोन्याचे नसते. वजनगट ही कोणी केलेली मेहेरबानी नव्हे. तो खेळाचा नियम आहे, कारण त्यावाचून खेळच अन्यायाचा होईल. समाजाच्या रिंगणात मात्र पिढ्यान्‌पिढ्या खाऊनपिऊन वजन कमावलेल्यासमोर उपाशी मूल उभे केले जाते, आणि त्याच्यासाठी वजनगट मागितला की त्याला 'सवलत' म्हणतात. राखीव जागांविषयी वर्गात वाद निघतो तेव्हा आम्ही मुलांना वजनकाट्याची आठवण करून देतो. इतर युक्तिवादांपेक्षा हे उदाहरण त्यांच्या अधिक लक्षात राहते.

आता तो तिसरा, न बोललेला आक्षेप.

काही वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहात जवळच्याच वस्तीतला एक मुलगा होता. वडील रस्त्याच्या कामावर, आई घरकाम करणारी. बाहेरच्या एका प्रशिक्षकाकडे तो मुष्टियुद्ध शिकला आणि राज्यस्तरीय शालेय स्पर्धेत त्याने पदक आणले. त्या दिवशी आम्ही हलगी वाजवत त्याला खांद्यावर घेऊन बाबासाहेबांच्या पुतळ्यापर्यंत मिरवणूक नेली. भाषणे झाली. त्यांतले एक आम्हीच केले. दहावीचे वर्ष शिबिरांत आणि स्पर्धांत गेले. त्याचे बुडालेले तास कोणी भरून काढले नाहीत. खेळाडू विद्यार्थ्यांना वाढीव गुण देण्याची तरतूद आहे, त्यासाठी शाळेने मुदतीत प्रस्ताव पाठवायचा असतो. तो प्रस्ताव आमच्याकडून वेळेत गेला नाही. थोड्या गुणांनी तो गणितात राहिला. पुन्हा परीक्षेला बसेन म्हणाला, पण बसला नाही. पुढे एका मद्यगृहाच्या दारावर बाउन्सर म्हणून उभा राहू लागला.

गेल्या जून महिन्यात तो आपल्या मुलीला पाचवीत दाखल करायला घेऊन आला. तिचा अर्ज आम्हीच भरून घेतला. जाताना तो म्हणाला, "सर, हिला पुस्तकाला लावा. ग्लोव्हजला नको. माझं पदक घरात आहे, मार्कशीट नाही." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आम्हांस उत्तर देणे सोपे गेले असते.

आम्ही त्या मुलाचा सत्कार केला होता. त्याचे जे देणे होते ते मात्र दिले नव्हते. सत्काराला एक संध्याकाळ पुरते. देणे रोज द्यावे लागते. सकाळी दूध आणि अंडी, संध्याकाळी बुडालेल्या तासाचा अभ्यास, कार्यालयातल्या टेबलावर वेळेत भरलेला अर्ज, असे त्याचे स्वरूप असते. त्याची छायाचित्रे निघत नाहीत आणि स्मरणिकेत छापलीही जात नाहीत. पण मूल त्यावरच उभे राहते.

म्हणून त्या मातेला आमचे उत्तर असे आहे. माउली, तुमची भीती खरी आहे आणि तिला कारण आम्हीच दिले आहे. पण त्यावरचा उपाय मुलांच्या हातातले मोजे काढून घेणे हा नव्हे. २००८ साली विजेंदर सिंग यांनी भारताला मुष्टियुद्धातील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले. ते हरियाणातील एका बसचालकाचे पुत्र. २०१२ साली ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या मुष्टियुद्धाला प्रथमच स्थान मिळाले आणि मणिपूरच्या शेतमजूर घरातल्या मेरी कोम यांनी कांस्यपदक आणले. कष्टकऱ्यांच्या मुलांना या खेळाने दार उघडले आहे. ते आपण आपल्याच मुलांसाठी बंद का करावे? प्रश्न एवढाच की दारातून आत गेलेल्या मुलाला मागे परतायलाही वाट आहे की नाही. हरल्यावर, दुखापत झाल्यावर, वय झाल्यावर त्याच्या हाती काही उरते की नाही. पेटकरांचे मुष्टियुद्ध एका वर्षात संपले, पण त्यांच्यामागे उभे असलेले सगळेच संपले नाही. म्हणून ते पुन्हा उभे राहू शकले.

हा ठराव पुढील बैठकीत पुन्हा येईल. आम्ही त्याच्या बाजूने मत देणार आहोत, परंतु काही अटींवर. सरावामुळे बुडालेला प्रत्येक तास त्याच आठवड्यात भरून काढला जावा आणि त्याची नोंद वर्गशिक्षकांनी ठेवावी. वाढीव गुणांचे प्रस्ताव एका शिक्षकाच्या नावावर सोपवावेत, म्हणजे चूक झाली तर ती कोणाची हे कळेल. वजनगटात बसण्यासाठी कोणत्याही मुलाला उपाशी ठेवू नये. सोण नावाच्या भिक्खूने पाय रक्तबंबाळ होईपर्यंत साधना केली तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारांची आठवण दिली होती. फार ताणलेली तार वाजत नाही, सैल तारही वाजत नाही. प्रशिक्षकांसाठी याहून चांगला उपदेश आम्हांस माहीत नाही. मुलींना पहिल्या दिवसापासून प्रवेश असावा. आणि शाळेच्या फलकावर पदक जिंकणाऱ्यांच्या नावांबरोबर खेळून हरलेल्यांचीही नावे लिहावीत, कारण लढण्याचे धैर्य दोघांनीही सारखेच दाखविलेले असते.

आणखी एक काम ठरावात नाही, ते आम्ही स्वतःकडे घेतले आहे. त्या माजी विद्यार्थ्याला दहावीच्या गणिताच्या परीक्षेला बाहेरून बसवायचे. रविवारी सकाळी, वंदनेनंतर, तो मुलीला भेटायला येतो तेव्हा तासभर त्याला शिकवायचे. पहिल्या रविवारी तो संकोचून मागच्या बाकावर बसला होता. आता दुसऱ्या बाकापर्यंत आला आहे.

ही स्मरणिका हाती पडेपर्यंत परीक्षेचा निकाल लागलेला नसेल. लागेल तेव्हा मिरवणूक काढायची नाही, एवढे आम्ही ठरविले आहे. गुणपत्रिका तेवढी त्याच्या हाती द्यायची आहे. ती त्याची कधीचीच येणे होती.

जयभीम. नमो बुद्धाय.